मदत हवी आहे: तळ्याकाठच्या बुजलेल्या पायऱ्या

सोलापूरकरांनो, सिद्धेश्वर तळ्यात उतरणाऱ्या जुन्या, आता गाळात गेलेल्या पायऱ्या कुणाला आठवतात का? सिद्धेश्वराच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या दिवशी सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघाले, की आजी पहाटेच अशा पायऱ्या उतरून पाय धुवायची. जागा मात्र 'किल्ल्याच्या अंगाला' एवढीच सांगायची.

परवा पाणी ओसरलं होतं म्हणून काठानं फिरलो. झुडपाखाली एक काळा दगड दिसला, मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. हातानं गाळ खरवडला तर खाली दुसरा लागला! नुसता भराव असता तर दगड असा झिजला नसता, असं मला वाटतं.

घरच्या जुन्या अल्बममध्ये गड्ड्याचे (याच यात्रेचे), तळ्याचे फोटो असतील तर कोपऱ्यात पायऱ्या दिसतात का, तेवढं बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा.