६० लिटरच्या सॉल्टवॉटर टँकमध्ये एप्टेशिया पसरलाय, काय करू?

गोरेगावकर: घरी छोटा टँक आहे, क्लाऊनफिशची जोडी, थोडे झोआ (फुलांसारखे दिसणारे छोटे कोरल) आणि लाइव्ह रॉक (जिवंत सूक्ष्मजीव असलेला समुद्री खडक). रॉकवर एप्टेशिया, म्हणजे तपकिरी, पारदर्शक बारके अ‍ॅनिमोन (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) आलेत, हात जवळ नेला की झटकन आत जातात, आधी दोनचार होते आता मागच्या बाजूलाही दिसतायत आणि त्यांना चिकटून असलेले झोआ उघडतच नाहीत. ब्लेडने खरवडले तर चालेल का?

माहीमचा रीफवाला: अजिबात खरवडू नकोस मित्रा! एप्टेशियाच्या बुडाचा कणभर तुकडा राहिला तरी त्यातून नवा येतो, म्हणजे एकाचे दहा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड (शुद्ध चुना) आरओ पाण्यात टूथपेस्टइतकं घट्ट कालव, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंखा) आणि पंप बंद कर आणि सिरिंजने हळूच तोंडावर सोड, टोचलंस तर तो आत जातो. दहापंधरा मिनिटांनी पंप चालू. पण एका वेळी दोनतीनच, कारण ६० लिटरमध्ये पीएच लगेच चढतो आणि मासे हकनाक जातात. हातमोजे आणि चष्मा घाल. पानाचा चुना नको, त्यात काय काय असतं कुणास ठाऊक.

ठाणेकर_७: वरचं बरोबर, पण लपलेल्यांचं काय? त्याला पेपरमिंट श्रिंप (एक छोटी कोळंबी) लागतात. बारीक एप्टेशिया खातात, मोठ्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि पोटभर फूड मिळालं तर ढुंकून बघत नाहीत, म्हणून खाणं कमी कर, तसंही जास्तीच्या फूडवरच हे फोफावतात. घेताना नीट बघ हां, कॅमल श्रिंप दिसायला जवळपास तसाच असतो, पण पाठीला कुबड आणि अंगावर पांढऱ्या रेषा, तो झोआ खातो. कॉपरबँड बटरफ्लाय मासाही एप्टेशिया खातो, पण तो घेऊच नकोस, एवढ्याशा टँकमध्ये त्या माशाचे हाल होतील.

गोरेगावकर: थँक्स दादा. एक रॉक सुटा आहे, बाहेर काढून उकळला तर?

माहीमचा रीफवाला: त्यावर झोआ आहेत का? असतील तर उकळू नकोस, प्लीज! झोआंमध्ये पॅलीटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं, वाफेतून घरातली माणसं हॉस्पिटलात जातात, असं झालेलं आहे. झोआ असलेल्या रॉकवर पेस्टच लाव. आणि काढलेला एप्टेशिया, टँकचं पाणी, काहीही समुद्रात किंवा खाडीत टाकू नकोस.

गोरेगावकर: आहेत झोआ त्याच्यावर. मग उकळत नाही, रविवारी पेस्टने पुढच्या बाजूपासून सुरू करतो.