पेंडिंग सेक्टर दिसला : हार्ड डिस्क वॉरंटीत बदलून घ्यावी की पुसून वापरावी?

टांगती तलवार
स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, १९७ नंबरची ओळ (पेंडिंग सेक्टर; सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा) किंवा १९८ (वाचता न आलेले सेक्टर) शून्याच्या वर गेली आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर डिस्क बदलून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. "फुल फॉरमॅट मारा, ठीक होईल" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच घात करतो. सेक्टर वाचता आला नाही की डिस्क त्याला पेंडिंग यादीत टाकते. त्याच जागी पुन्हा लिहिलं आणि ते नीट उतरलं, तर नाव यादीतून जातं. आकडा शून्य होतो, पण हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) किंवा डेटाची तबकडी खराब असेल तर ती तशीच राहते.

गूगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिला पेंडिंग सेक्टर दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या १६ पट निघाली. साध्या डेस्कटॉप डिस्कला बहुधा २ वर्षं वॉरंटी असते, नॅसवाल्या (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीच्या) डिस्कला ३, प्रो वर्गाला ५. ती असताना हा जुगार कशाला?

फुकटचा सल्लागार
अर्धवट सहमत. लिहिता लिहिता वीज गेली, तरी सेक्टरचा मजकूर आणि त्याचा तपासणी कोड जुळत नाही आणि तो पेंडिंगमध्ये जातो. तबकडीला काही झालेलं नसतं. माझ्या मते क्रम असा हवा : डेटा काढा, संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहा, मग स्मार्टची लांब चाचणी लावा. ४ टीबीच्या डिस्कला सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने नुसतं लिहायलाच साडेसात तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. नंतर १९७ शून्य आणि ५ नंबरची ओळ (बदललेले सेक्टर, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढून ज्यांच्या जागी राखीव सेक्टर दिले ते) जिथल्या तिथे असेल, तर डिस्क चालू शकते. ५ वाढत असेल तर मात्र द्या परत.

आणि बदली म्हणून जी मिळते ती कोरी नसते हो! बहुतेकदा दुरुस्त करून तपासलेली, दुसऱ्या कुणाची परत आलेली असते. तुमची ८ महिने वापरलेली डिस्क देऊन अज्ञात इतिहासाची घ्यायची?

गूगलच्या त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांत स्मार्टच्या चारही मुख्य धोक्याच्या खुणा शून्य होत्या, हेही सांगा की. शिवाय त्या डिस्क ८० ते ४०० जीबीच्या जमान्यातल्या.

तापकीर गल्ली
वाद चालू द्या, पण सल्लागारांच्या क्रमात एक खड्डा आहे. शून्यं लिहिल्यावर डिस्क चाचणीत पास होते. मग सर्व्हिस सेंटरवाला ती जोडतो, "दोष आढळला नाही" म्हणतो आणि तुमच्याच हातात ठेवतो. म्हणून पुसण्याआधी पूर्ण स्मार्ट अहवाल सेव्ह करा, कंपनीच्या टूलने चाचणी नापास केली तर तो कोड आणि सिरीयल नंबर एकाच फोटोत घ्या.

खरेदीच्या वेळची बाबही बघा. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला की वॉरंटीची तारीख आणि देश कळतो. बिल पक्कं असलं तरी माल दुसऱ्या देशासाठीचा किंवा संगणकात बसवून विकण्यासाठीचा असला, तर डिस्कची कंपनी हात वर करते. तयार संगणकातल्या डिस्कसाठी संगणकाच्या कंपनीकडे जावं लागतं. यूएसबीवाल्या डिस्कचं कवच फोडलं तर वॉरंटीवर बहुधा पाणीच. काही छोट्या यूएसबी डिस्कमध्ये तर आत साटा जोडणीच (संगणकाच्या बोर्डाला डिस्क थेट जोडायची) नसते, त्यामुळे फोडून हाती काही लागत नाही.

पॅकिंग : अँटीस्टॅटिक पिशवी, सर्व बाजूंनी जाड फोम, घट्ट खोकं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली डिस्क आपटली की दोष तुमच्या गळ्यात.

कुलूपकिल्ली
डिस्क परत करताना त्यावरची आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं कुठे जातात याचा कुणीच विचार करत नाहीये. पुसता येते तोवर ठीक. फिरतच नसेल तर पुसणार कशी? विंडोजच्या बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं) पहिल्या दिवसापासून नसेल, तर अशी डिस्क मी वॉरंटीत देऊ नका असंच म्हणेन. पाच-सात हजार गेले तरी चालतील, तबकड्यांना भोकं पाडा.

टांगती तलवार
@कुलूपकिल्ली, बंद डिस्कपुरतं मान्य. पण चालू डिस्क पुसून देण्यात काय धोका? बदललेल्या सेक्टरांत जुना डेटा उरतो म्हणावं, तर समजा ४०९६ बाइटचे ८ सेक्टर बदललेत, म्हणजे ३२ किलोबाइट.

कुलूपकिल्ली
३२ किलोबाइटमध्ये पासवर्डची अख्खी फाइल मावते. एनहान्स्ड सिक्युअर इरेज ही डिस्कमधलीच पुसायची आज्ञा त्या सेक्टरांवरही लिहिते, ते वापरा. मात्र डिस्क थेट साटावर लावा, बहुतेक यूएसबी अडॅप्टर ती आज्ञा पुढे पाठवत नाहीत.

फुकटचा सल्लागार
पॅकिंग आणि अहवालाचा मुद्दा खिशात ठेवला. माझी बाजू थोडी आवरतो : पुसलेली डिस्क फक्त दुसऱ्या बॅकअपसाठी, एकमेव प्रतीसाठी कधीच नाही.

डेटा काढताना चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल) चालवू नका. ते मरत्या डिस्कवर दुरुस्ती म्हणून लिहायला लागतं. डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या टूलने दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत घ्या आणि मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) तिसरीकडे ठेवा. पहिल्या फेरीत अडलेले भाग खरवडू नका, सहज वाचता येईल तेवढं आधी पदरात पाडा, मग ३ वेळा पुन्हा प्रयत्न. डिस्क खट-खट वाजत असेल तर यातलं काहीच नको, लगेच वीज काढा. हेड तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला डेटा कमी होतो.

टांगती तलवार
दुसऱ्या बॅकअपपुरतं चालेल. वॉरंटी संपलेली असेल तर मीही तेच करेन.

तापकीर गल्ली
अजून एक. १९९ नंबरची ओळ वाढत असेल आणि ५, १९७, १९८ शून्य असतील, तर क्लेम करू नका. ती चूक डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेवरची असते, बहुतेकदा साटा केबलची. केबल बदला, आकडा जिथे आहे तिथे थांबतो का ते आठवडाभर बघा. तो मागे येत नाही, तेव्हा शून्य होण्याची वाट बघू नका. सीगेटच्या १ आणि ७ नंबरच्या ओळींत (वाचनातल्या आणि हेड हलवण्यातल्या चुका) कोटींतले आकडे दिसले म्हणूनही घाबरू नका, ती त्यांची मोजायची पद्धत आहे.