प्रवासात अनोळखी माणसाने श्रद्धेविषयी विचारले, तर किती आणि कसे बोलावे?

प्रश्न — नगरकर

सर्वांना सलाम. मी अहिल्यानगरच्या ख्रिस्ती कुटुंबातली असून नोकरीनिमित्त नागपूरला राहते, त्यामुळे महाराष्ट्र एक्स्प्रेसने वरचेवर येणे-जाणे होते. मनमाड मागे पडले की जेवणाचे डबे उघडतात, भाकरी-चटणीची देवाणघेवाण होते आणि ओघाने गाव, आडनाव, नाव अशी चौकशी सुरू होते. आमचे आडनाव चारचौघांसारखे मराठी, पण माझे नाव बायबलमधले, ते ऐकले की समोरची बाई क्षणभर थांबते आणि विचारते, “म्हणजे तुम्ही ख्रिश्चन का? मग घरी बोलता कोणती भाषा?” तिथून बोलणे कधी नाताळच्या फराळावर जाते, तर कधी थेट “तुम्ही येशूला का मानता?” या प्रश्नावर येते.

प्रभूवरील विश्वास हा माझ्या जगण्याचा आधार आहे आणि तो लपवावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु विचारणारी व्यक्ती केवळ वेळ जावा म्हणून विचारते आहे की तिला खरोखर काही जाणून घ्यायचे आहे, हे ओळखावे कसे? बोलावे कुठवर आणि थांबावे कुठे? नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाची, प्रत जवळ ठेवावी का? कायद्याच्या दृष्टीने काय सांभाळावे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर — निवृत्त पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू), मिरज

ताई, सलाम. तुमचा प्रश्न मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाच्या अगदी जवळचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ साली रेल्वेने राजनांदगावला निघाले होते, तेव्हा त्याच डब्यातल्या एका परदेशी ख्रिस्ती प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. ते बोलणे काव्यावरून धर्माकडे वळले आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. पुढचे सारे टिळकांनी स्वतः केले. पुस्तक वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले, मनातल्या शंकांशी झगडले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आजही आपण उपासनेत ज्यांची भजने गातो, त्या कवीच्या आयुष्यात त्या सहप्रवाशाचा वाटा एका प्रवासापुरता होता, आणि माझ्या मते त्याचे मोठेपण त्यातच आहे. तो विद्वान माणसाशी विद्वानासारखा बोलला, त्याची आवड ओळखून बोलला आणि निर्णय त्याच्यावर सोपवून वाटेला लागला.

या घटनेची दुसरी बाजूही आपण विसरू नये. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना जवळजवळ पाच वर्षे पतीपासून दूर राहावे लागले. त्यांनी स्वतः १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्या काळात त्यांनी काय सोसले, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचायला मिळते. गाडीतल्या संभाषणाचे पडसाद एखाद्या घरात किती खोलवर उमटू शकतात, याचे भान बोलणाऱ्याला असायला हवे. ज्या माणसाशी आपण बोलतो त्याच्यामागे आई-वडील, जोडीदार, मुले, भावकी असते, आणि आपण मात्र पुढच्या स्टेशनवर उतरून जाणार असतो.

कुठवर बोलावे, याचे उत्तर नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. गाझाच्या वाटेवर सुवार्तिक फिलिप्प एका रथाजवळ गेला तेव्हा त्यातला कूशी (इथिओपियाचा) अधिकारी यशया संदेष्ट्याचे पुस्तक आधीच वाचत होता. फिलिप्पाने त्याला वाचता ते समजते का, एवढेच विचारले. रथात चढून बसण्याची विनंती अधिकाऱ्याने केली, आणि त्याच्याच प्रश्नापासून सुवार्तेचे बोलणे सुरू झाले. म्हणून माझा सल्ला असा, की विचारले तेवढे उत्तर मनापासून द्यावे आणि मग त्यांचे ऐकावे. खरोखर जाणून घेऊ पाहणारा माणूस दुसरा प्रश्न विचारतोच. जो खिडकीबाहेर पाहू लागतो किंवा मोबाइल हातात घेतो, त्याचे बोलणे संपलेले असते आणि त्याचा मान राखून आपणही विषय बदलावा. बोलताना स्वतःच्या अनुभवाचे सांगावे. समोरच्याच्या देवाशी, व्रताशी किंवा वारीशी तुलना कधीही करू नये. टिळक तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत, आणि तो सेतू त्यांनी शेवटपर्यंत आदराने जपला.

उत्तर — वसईकर

मी कॅथलिक आहे आणि रोज विरार लोकलच्या महिला डब्यातून प्रवास करते. आमच्याकडे श्रद्धेची गोष्ट बहुधा राखेच्या बुधवारी निघते. सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) कपाळावर राखेचा क्रूस तसाच ठेवून मी गाडीत चढते, आणि नालासोपारा येईपर्यंत कुणीतरी हमखास रुमाल पुढे करून म्हणते, “अगं, कपाळाला काळं लागलंय.” मग मी सांगते, की हे पुसायचे नाही, माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे याची ही आठवण आहे, आणि आजपासून ईस्टरपर्यंत आमचा उपवासकाळ. उपवास म्हटल्यावर डब्यातल्या सगळ्या बायकांना बोलायला विषय मिळतो. कुणाची संकष्टी, कुणाचा रमजान, कुणाचा श्रावण. त्यातून कुणी “उपवास नेमका कशासाठी?” असे विचारलेच, तर मी प्रभूच्या दुःखसहनाविषयी बोलते. ते चार वाक्यांत सांगता येते आणि ते ऐकून कुणी दुखावले गेल्याचे मी पाहिलेले नाही.

आमच्या धर्मसभेची भूमिकाही हीच आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात श्रद्धेचा प्रसार करताना सक्तीचा किंवा अप्रामाणिक मनवळवणीचा लवलेशही नसावा, आणि गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रवासात समोरची व्यक्ती कोणत्या अडचणीत आहे हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून ही काळजी तिथे अधिकच हवी.

उत्तर — वकील, नागपूर

मी ख्रिस्ती नाही, तरी कायद्याचा प्रश्न विचारला आहे म्हणून लिहितो. संविधानाच्या अनुच्छेद २५ नुसार सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. त्याचबरोबर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टेनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात स्पष्ट केले, की आपल्या धर्माची शिकवण समजावून सांगणे या हक्कात येते, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे येत नाही. अनेक राज्यांत याविषयी स्वतंत्र कायदे आहेत आणि त्यांतील व्याख्या बऱ्याच व्यापक आहेत. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात तर भेटवस्तू आणि चांगल्या राहणीमानाची आशा यांचाही प्रलोभनात समावेश होतो. गाडी राज्याची हद्द ओलांडते तेव्हा लागू होणारा कायदाही बदलतो. विचारलेल्या प्रश्नाला शांतपणे उत्तर देणे आणि मागितल्याशिवाय काहीही हातात न देणे, ही सुरक्षित वाट आहे.

प्रवासी म्हणूनही एक सांगावेसे वाटते. आरक्षित डब्यात माणूस आपल्या बर्थला बांधलेला असतो, नको असलेल्या बोलण्यातून तो उठून जाऊ शकत नाही. मला धर्माविषयीचे बोलणे आवडते, पण ते मी सुरू केलेले असावे किंवा निदान संपवता तरी यावे.

नगरकर

सर्वांचे मनापासून आभार. एक प्रसंग मात्र मला अजून अवघड वाटतो. विदर्भातून मुंबईला टाटा रुग्णालयात निघालेली कुटुंबे गाडीत नेहमी भेटतात. फायलींची पिशवी उशाशी घेऊन बसलेली आई आपणहून म्हणते, “तुमच्या देवाला माझ्या लेकरासाठी सांगा.” अशा वेळी काय करावे?

निवृत्त पाळक, मिरज

तिने मागितले आहे, तेव्हा प्रार्थना अवश्य करावी. तिथेच हळू आवाजात केलेली चालेल का, हे आधी विचारावे. ती संकोचली तर मनात करावी आणि तसे तिला सांगावे. लेकराचे नाव विचारून घ्यावे आणि नाव घेऊन मागावे. मात्र “विश्वास ठेवा, मूल बरे होईल” असे आश्वासन कधीही देऊ नये. ते आपल्या हातात नाही, आणि उद्या तसे घडले नाही तर आपल्या शब्दांचा भार त्या आईला एकटीने वाहावा लागेल. उपचार अर्धवट सोडू नका, हे आवर्जून सांगावे. तिथे राहण्या-जेवण्याची सोय माहीत असल्यास ती जरूर सांगावी, पण ती माहिती आणि प्रभूविषयीचे बोलणे एकमेकांत मिसळू देऊ नये; मदत तिला कोणत्याही अटीविना मिळाली पाहिजे.

प्रतीविषयी विचारले होते. लूककृत शुभवर्तमानाची (नव्या करारातील येशूच्या चरित्राची) छोटी पुस्तिका पिशवीत असू द्यावी. कुणी मागितली तर द्यावी. त्यावर आपले नाव किंवा फोन नंबर लिहू नये आणि त्यांचाही नंबर आपणहून मागू नये.