पुलाखालच्या कुटुंबांना 'देऊ नका' असं आमच्या ग्रुपात ठरतंय

गौरी_दादर

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण सल्ला हवाय.

आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांतली काही जणं मिळून आम्ही रविवारी रात्री खिचडी वाटतो. करोनात सुरू झालं ते चालूच राहिलं. दोन ठिकाणी थांबतो. एक म्हणजे परळच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आजूबाजूचा फुटपाथ. तिथे बिहार-बंगालपासून जळगाव-नांदेडपर्यंतचे पेशंट आणि त्यांची माणसं पथाऱ्या टाकून असतात. दुसरं ठिकाण थोडं पुढे, उड्डाणपुलाखाली. तिथे पाच-सहा पारधी कुटुंबं आहेत. आजीपासून पणतीपर्यंत सगळ्यांचा जन्म तिथलाच. बायका पहाटे दादरच्या फूलबाजारातून सुटी फुलं आणतात, दुपारभर गजरे करतात आणि दिवेलागणीला सिग्नलवर विकतात.

आता ग्रुपवर टूम निघालीये की पुलाखाली देणं बंद करू या. का, तर ते लोक धंदेवाईक आहेत, त्यांना सवय लागलीये, त्यांच्याकडे टचस्क्रीनचे मोबाइल आहेत. शिवाय मागे कुणाचं तरी हेल्मेट गेलं. ते कुणी नेलं हे कुणीच बघितलेलं नाही, पण माहीत मात्र सगळ्यांना आहे. म्हणून खिचडी फक्त पेशंटना, 'खऱ्या गरजूंना'.

मी ग्रुपवर काही बोलले नाही, कारण यातलं थोडं माझ्याही डोक्यात असतं. फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या काकांना मी वाकून 'अजून घ्या ना' म्हणते. पुलाखाली गेले की तोंडातून आपसूक निघतं, 'लाइन लावा, एकाने एकदाच.' माझी मुलगी नववीत आहे, ती सोबत येते. ती मला म्हणाली, "आई, तू इथे डाव अर्धाच भरतेस." मी म्हटलं, इथे माणसं जास्त आहेत. ती म्हणाली, जास्त तिकडे आहेत. मोजलं तर तिचंच बरोबर निघालं.

तर मूळ मुद्दा. पुलाखाली एक बाई आहे, माझ्याच वयाची असेल. तिला आपण लता म्हणू. परवा तिने खिचडी घेतलीच नाही. "ताई, रविवारी तीन-तीन गाड्या येतात खायला घेऊन. पोरं अर्धं टाकून देतात. मंगळवारी कुत्रं फिरकत नाही, तेव्हा या की." मग तिने गोधडीच्या घडीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत पिशवी, त्यात आणखी एक पिशवी, आणि सगळ्यात आत पोराच्या जन्माचा कागद, त्याचं शाळेचं प्रगतिपुस्तक आणि नवऱ्याचं आधार कार्ड. तिचं स्वतःचं काहीच नाही. कारवाईची गाडी आली तेव्हा भांड्यांबरोबर तिची पत्र्याची पेटीही गेली, कागद त्यातच होते. म्हणाली, "तेवढे कागद करून द्या. खिचडी काय, आम्हीपण शिजवतो."

पत्ता नसलेल्या माणसाचे कागद होतात का? सुरुवात कुठून करायची? आणि ग्रुपला काय सांगू? भांडण नकोय, त्यातल्या एक काकू माझ्या सासूबाईंच्या भजनी मंडळात आहेत.

स्पष्टवक्ता_ठाणे

गौरीताई, राग मानू नका, पण तुमचा ग्रुप बरोबर बोलतोय. या लोकांची गावाला घरं असतात, रेशनकार्डं असतात. फुटपाथ सोडत नाहीत, कारण एक दिवस फुकटात फ्लॅट मिळेल ही आशा. सरकारने बेघरांसाठी निवारे काढलेत ना? तिथे जायला सांगा. जाणार नाहीत, कारण तिथे दारू चालत नाही. आमच्या स्टेशनबाहेरच्या एका धडधाकट माणसाला मी वॉचमनची नोकरी देऊ केली होती. दुसऱ्या दिवशी पत्ताच नाही. पेशंटांची गोष्ट वेगळी, ती बिचारी परिस्थितीने आलेली असतात.

वसुधा_रातपाळी

मी बेघर निवाऱ्यात काळजीवाहक होते, बहुतेक रात्रपाळीच केली. त्यामुळे 'निवाऱ्यात का जात नाहीत' हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. स्पष्टवक्ते, उत्तर ऐका.

आधी जागेचं बघू. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेला निकष असा की शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची कायमस्वरूपी निवाऱ्याची सोय हवी. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास होती. म्हणजे निकष शंभर टक्के पाळला तरी जागा साडेबारा हजारांची. त्याच जनगणनेत मुंबईत बेघर मोजले गेले सुमारे ५७ हजार, आणि मोजायचे राहिले ते वेगळेच. आता हे लोक 'जात नाहीत' म्हणायचं, तर आधी जायला जागा तरी हवी.

समजा जागा मिळाली. बहुतेक निवारे पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, मुलांचे वेगळे. लता, तिचा नवरा आणि पोरं एका छताखाली झोपतील असा कुटुंब निवारा शोधून दाखवा. तोही सापडला, तर तो फूलबाजारापासून किती लांब? पहाटे चारला तिला दार कोण उघडणार? ओल्या फुलांची टोपली आत घेऊ देणार का? मी आमच्या निवाऱ्यात एका फुगेवाल्याला सिलिंडरसकट आत घेऊ शकले नव्हते. नियम बरोबरच होता, स्फोट झाला तर काय! पण सिलिंडर बाहेर ठेवला तर चोरीला जाणार, म्हणून तो सिलिंडरला पाय लावून दुकानाच्या पायरीवरच झोपायचा. नोंदवहीत मी 'निवारा नाकारला' असं लिहिलं. लिहायला दुसरा रकानाच नव्हता.

दारूचं म्हणाल तर हो, पिणारे असतात. तुमच्या सोसायटीत पिणाऱ्यांचं पाणी तोडतात का?

तुमच्या वॉचमनबद्दल एकच विचारते. नोकरी बारा तासांची असणार. तेवढा वेळ त्याचं बोचकं कुठे राहणार होतं?

आता 'धंदेवाईक'. गंमत बघा, मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मध्ये भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं म्हणून, भविष्य सांगून, एवढंच काय, एखादी वस्तू विकायला पुढे करून पैसे मागणंही बसवलेलं आहे. आणि उपजीविकेचं साधन दिसत नाही अशा अवस्थेत फिरणंही. म्हणजे लताने गजरा विकला तरी तिला भिकारीण ठरवायला वाव आहे आणि नाही विकला तरी आहे. पोलिस वॉरंटशिवाय धरू शकतात, आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवायची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातली बरीच कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. कायद्याच्या मूळ नावात मुंबई होती, पण मुंबईला त्या निकालाचा उपयोग नाही.

हेल्मेटबद्दल. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी केला. पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. पारध्याच्या पोटी जन्मलं की जन्मापासून गुन्हेगार, पोलिसांकडे हजेरी, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आजही आहे, तो त्याच काळातला. हा शिक्का कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. तुमच्या ग्रुपवर तो अजून पुसायचा आहे.

कागदांचं दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, चहा टाकलाय गॅसवर.

जळगावकर७४

वरची 'पेशंट बिचारे' ही ओळ वाचून लिहायला बसलो. वडिलांच्या केमोच्या वेळी आम्ही त्याच फुटपाथवर होतो. गाडगेबाबांच्या धर्मशाळेत दादरला नंबर लागेपर्यंत. घरी दोन मजली घर, केळीची बाग, आणि इथे पुठ्ठ्यावर झोपायचं.

लोकांनी आम्हाला खूप दिलं, हात जोडून दिलं. पण ते आम्हाला दिलं की फाइलला, हे मला आजही सांगता येणार नाही. एकदा फाइल बहिणीकडे ठेवून मी चुरगळलेल्या शर्टात पुलाखालच्या नळावर पाणी भरायला गेलो. तिथे वाटपाची गाडी उभी होती. मी पुढे झालो तर एक गृहस्थ खेकसले, "तू परत आलास?" मी त्या गाडीसमोर पहिल्यांदाच उभा होतो.

वडिलांना रात्री ओकाऱ्या व्हायच्या तेव्हा पाण्याची कळशी आणून देणारी तिथलीच एक पारधी म्हातारी होती. पाणी त्यांनाही विकतच घ्यावं लागायचं, हे मला नंतर कळलं. पैसे देऊ केले तर म्हणाली, आजाऱ्याच्या पाण्याचे घेत नसतात.

स्पष्टवक्ते, गावाला घर असलेला मीच होतो. तिला नव्हतं.

वसुधा_रातपाळी

गौरी, आता कागद. क्रम चुकवू नका.

लताला आधी विचारा की तिचं आधार हरवलंय की कधी काढलंच नव्हतं. हरवलं असेल तर नवी नोंदणी अजिबात करू नका. बोटांचे ठसे आधीच जुळतात, अर्ज बाद होतो आणि मग वर्षभर चकरा. आधार सेवा केंद्रात ठसे देऊन जुना नंबर शोधून मिळतो. कधी काढलंच नसेल तर पत्त्यासाठी आधारचा ठरलेला दाखल्याचा नमुना आहे. त्यावर आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी यांची सही आणि शिक्का चालतो. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचाही चालतो. दाखला तीन महिनेच टिकतो, त्यामुळे आधी केंद्राची वेळ घ्या आणि मग सहीला जा. तुमच्या काकूंच्या भजनी मंडळात कुणाचे यजमान राजपत्रित अधिकारी असतील की! भांडण नको म्हणालात ना, मग हे काम त्यांनाच द्या.

बेघरांच्या मतदार नोंदणीला तर घराच्या पत्त्याचा कागद लागतच नाही. नमुना ६ मध्ये ती जिथे झोपते ती जागा लिहायची: अमुक पूल, अमुक खांबाजवळ, समोर अमुक दुकान. निवडणूक आयोगाची सूचना आहे की बेघर अर्जदारासाठी बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या अधिकाऱ्याने, रात्री त्या जागी जाऊन ती व्यक्ती खरंच तिथे झोपते का ते बघायचं. झोपत असेल तर राहण्याचा दुसरा पुरावा मागायचा नाही. बऱ्याच बीएलओंना हे माहीत नसतं, म्हणून सूचनेची छापील प्रत जवळ ठेवा. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

रेशनचं बघा. गावाला कार्ड असेल तर ते चांगलंच आहे, आरोप कसला त्यात? 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे ते आधारशी जोडलेलं असलं की मुंबईच्या दुकानातही धान्य मिळतं. मात्र तिचं नाव सासरच्या कार्डावर चढवलंय का ते तपासा. बायकांची नावं माहेराहून कमी होतात आणि सासरी चढतच नाहीत.

पोराच्या जातीच्या दाखल्याला मात्र आत्ता हात घालू नका. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्या पणजोबाला त्या काळी पोलिस हजेरीशिवाय गाव सोडायची मुभा नव्हती, त्यांच्याकडे पणजोबाच्या घराचा कागद मागायचा! ते वकिलाचं काम आहे. पोराच्या शाळेच्या दाखल्यावर जात काय लिहिलीये, एवढं बघून ठेवा. चुकीचं असेल तर तो शाळेत आहे तोवरच दुरुस्ती करून घ्या, नंतर फार त्रास होतो.

स्पष्टवक्ता_ठाणे

फुगेवाल्याचं आणि बोचक्याचं पटलं. बाकी माझं मत कायम आहे, फुटपाथ राहायची जागा नव्हे. चालणाऱ्यांनी कुठे चालायचं?

वसुधा_रातपाळी

फुटपाथ राहायची जागा नव्हे हे लताही सांगेल. त्यावर आपलं तिघांचं एकमत आहे.

गौरी_दादर

सगळ्यांचे आभार. जळगावकर, तुमचा प्रतिसाद मी नाव काढून ग्रुपवर टाकला, चालेल ना? दोघांनी ग्रुप सोडला. एकाने अंगठा दाखवला, तो अनुमोदनाचा की नुसता पोच म्हणून, देव जाणे. भजनी मंडळातल्या काकू म्हणाल्या, "मंगळवारी माझा उपास असतो, पण मी मोठ्या पातेल्याला फोडणी घालून देईन." त्यांचे धाकटे दीर कृषी खात्यात वर्ग दोनचे अधिकारी आहेत, शिक्का असतो म्हणे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

लताचं आधार होतं, हरवलंय. नंबर नवऱ्यालाही पाठ नाही. शुक्रवारी सुट्टी घेऊन केंद्रावर नेतेय. ती म्हणतेय सकाळी अकराच्या आत नको, गजऱ्यांची मोठी ऑर्डर आहे. आणि तो मोबाइल, ज्याच्यावरून एवढं रामायण झालं, त्यावरच ऑर्डर येते. एका हॉलवाल्याची आहे.

वसुधाताई, मतदार अर्जाला तिच्या जावेचंही नाव घालू का?

वसुधा_रातपाळी

घाला, पण प्रत्येकीचा अर्ज वेगळा, आणि जागेचं वर्णन दोघींच्या अर्जात शब्दशः एकच ठेवा. नाहीतर बीएलओ दोन खांब शोधत बसतो. अर्ज गेला की त्यांना सांगा, तपासणी होईपर्यंत गावी लग्नाला वगैरे जायचं असेल तर एकीने तरी थांबायचं आणि दुसरी कुठे गेली ते तिला सांगता यायला हवं. तो एकापेक्षा जास्त रात्री येऊ शकतो. शुक्रवारी केंद्रावर जाताना तिच्या हाताला फुलांचा चीक असेल तर आधी साबणाने धुऊन घ्या, ठसे उमटत नाहीत. सुई टोचून बोटं फुटलेली असतील तर डोळ्यांचं स्कॅन करा म्हणून आधीच सांगा.