सिंगापूरला विमानाला नेमके किती तास लागतात? अर्जंट मदत हवी

गोदाकाठ:
आईला घेऊन सिंगापूरला जायचंय, बहिणीचं बाळंतपण आहे. तिकीट आज रात्रीपर्यंतच होल्डवर आहे म्हणून पटकन सांगा. साईटवर जाताना रात्री ११.१० ला निघून सकाळी ६.१० ला पोचतंय म्हणजे सात तास झाले अन् येताना रात्री ८ ला निघून १०.१५ लाच उतरायलंय, म्हणजे सव्वादोन. एजंट म्हणायलाय साडेचार. खरं काय धरायचं? अंतर तरी किती आहे? सात तास आईला बसणं होणार नाही. गूगल करा म्हणू नका, करून डोकं उठलंय.

लातूरी_तडका:
कुठून निघायलात ते तर लिहा की ओ. थेट आहे का मधे उतरायचंय?

जायकवाडी:
डोळे झाकून मुंबईहून जा. ३९०० किमी आहे, साडेपाच तास. संध्याकाळी देवगिरी एक्सप्रेसमधे बसलं की सकाळी मुंबईत.

लातूरी_तडका:
मुंबईचं नाव त्यांनी काढलंच कुठंय? तुमचं प्रत्येक धाग्यावर हेच, मुंबई अन् देवगिरी.

गोदाकाठ:
अहो हैदराबादहून, नांदेडचा माणूस अजून कुठून जाईल. थेटच आहे.

टाइमटेबल_काका:
एजंट बरोबर आहे. तिकिटावर निघायची वेळ निघणाऱ्या गावची अन् उतरायची वेळ उतरणाऱ्या गावची छापतात. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. जाताना सातातून अडीच काढा, साडेचार. येताना सव्वादोनमधे अडीच घाला, पावणेपाच. अंतर सरळ रेषेत ३३०० किमीच्या आसपास. ताशी साडेआठशेनं भागलं तर चार तासाच्या आत येतं, पण धावपट्टीपर्यंत रांगणं अन् चढणं-उतरणं पण त्यातच धरतात.

जायकवाडी:
हैदराबादचं विमानतळ शमशाबादला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, सिकंदराबादला उतरून तिथवर जायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे हाल. ते नाही सांगत कुणी.

टाइमटेबल_काका:
पुष्पक बस आहेत ना विमानतळाच्या. अन् नांदेडहून गाडी केली तर रिंग रोडनं शहरात शिरायचंच काम नाही.

भूगोल_बीएड:
गंमत सांगतो, नकाशाप्रमाणं सिंगापूर आपल्यापुढं दीडच तास पाहिजे. १९८२ पासून त्यांनी मलेशियासोबत घड्याळ पुढं सारलं, त्यामुळं तिथं बारमाही सात वाजता उजाडतं.

विमानातला_पाहुणा:
व्हिसा काढला का? अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साईटवर जाऊ नका. च्युइंगमची विक्री १९९२ पासून बंद आहे तिथं, नेऊ नका.

गोदाकाठ:
व्हिसा झालाय. च्युइंगमचं कोण विचारलं?

सिस्टर_परभणी:
आईला बसणं होणार नाही म्हणजे गुडघे का अजून काही?

गोदाकाठ:
गुडघे अन् शुगर. दोन टाइम इन्सुलिन आहे.

सिस्टर_परभणी:
हे आधी सांगायचं ना भाऊ! इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, खाली सामानात गारठून गोठलं तर वाया जातं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. घड्याळ बदलल्यावर डोस किती वाजता ते डॉक्टरांनाच विचारा, इथं कुणाचं ऐकू नका. व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून टाका.

गोदाकाठ:
हैदराबादचंच केलं बुक, व्हीलचेअर टाकली. आई धपाटे अन् लोणच्याची बरणी घ्यायलीय, चालतं का?

लातूरी_तडका:
धपाटे बिनधास्त. बरणी चेक-इनला, हातात १०० मिलीच्या वर तेलाचं काही जाऊ देत नाहीत.

जायकवाडी:
मुंबईला माझी बरणी सोडली होती.

लातूरी_तडका:
झालं सुरू.