डोक्याला मार लागलेल्या पेशंटशी 'त्या' विषयावर बोलायचं कसं?

ठाणेकर_ओटी: ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, घोडबंदर रोडला होम व्हिजिट करते, पेशंट पस्तिशीचा, बाइकवरून पडून फ्रंटल लोबला, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला मार. बायको किचनमध्ये नेऊन हळूच म्हणाली ताई हे कोणासमोरही काहीही बोलतात आणि आमच्यात तर काहीच उरलं नाही. वन बीएचके, सासू हॉलमध्येच. विषय काढू कसा?

ऐरोलीकर: तूच काढ गं, ते नाही काढणार. झोप, लघवी विचारतेस त्याच ओघात विचार, "अशा इंजुरीनंतर बऱ्याच जणांना नवरा-बायकोच्या संबंधात फरक जाणवतो, बोलायचंय का?" नको म्हणाले तर सोड. प्लिसिट मॉडेल बघ, लैंगिक विषयावर पेशंटशी कसं बोलायचं त्याच्या पायऱ्या, जॅक अ‍ॅननने 1976 मध्ये मांडलेल्या, पहिली पायरी हीच, बोलायची परवानगी देणं. दोघांशी वेगवेगळं बोल.

न्यूरोफिजिओ: वाक्यं छोटी, एका वेळी एकच प्रश्न, आडून बोललीस तर त्याला कळणारच नाही. तुझ्याशी घाण बोलला तर हसू नको, ओरडू पण नको, "हे मला चालत नाही" आणि लगेच व्यायाम. मार लागल्याने मेंदूचा ब्रेक गेलाय त्याचा, बोलण्यावर ताबा नाही, हे बायकोला सांगच, नाहीतर ती चारित्र्यावर घेते.

वाशी_नर्स: इच्छाच गेली असेल तर डॉक्टरांना हार्मोन टेस्टचं विचारा, पिट्युटरीला, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोनच्या ग्रंथीला पण मार लागलेला असू शकतो. डिप्रेशनच्या गोळ्यांनीही होतं, पण मनाने बंद नका करू.

ठाणेकर_ओटी: थँक्स. सासूबाई सिरीयल सोडून उठल्या तर विचारते 😄