टर्की १२ पौंडांची, खाणारे दोघंच

दोनच_पानं:
यंदा थँक्सगिव्हिंगला (अमेरिकेतला नोव्हेंबरचा सण, गुरुवारी असतो) घरी आम्ही दोघंच आहोत. किराणा दुकानाच्या पॉइंट्सवर १२ पौंडांची गोठवलेली टर्की फुकट मिळाली, ती फ्रीझरमध्ये जागा अडवून बसली आहे. अख्खी भाजावी की भाग करावेत? साधा ओव्हन आहे, कन्व्हेक्शन नाही. इन्स्टंट पॉट (विजेवरचा प्रेशर कुकर) आहे. नुसतं मीठ-मिरी फिकं लागतं, म्हणून दही-मसाला लावून तंदुरीसारखी करावी असंही डोक्यात आहे. आणि उरलेल्याचं काय करायचं? सलग चार दिवस सँडविच नको. अजून नऊ दिवस हातात आहेत.

खडामसाला:
अख्खी भाजू नका. छातीचं मांस १६५ फॅरनहाइटच्या वर गेलं की पाणी सोडून चोथा होतं, आणि तंगडी १७५-१८० ला पोचेपर्यंत चिवट राहते. एकाच ट्रेमध्ये दोन्ही एका वेळी नीट होणं कठीणच. दहा-बारा जण असले तर टेबलावर अख्खा पक्षी मांडायची हौस समजू शकतो. दोघांसाठी कापलेलीच बरी.

शनिवारी सकाळी वेष्टणासकट खोल ट्रेमध्ये ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवा, म्हणजे गळणारं पाणी भाजीवर पडणार नाही. दर ४-५ पौंडांना एक दिवस धरायचा, म्हणजे १२ पौंडांना तीन दिवस. मंगळवारी संध्याकाळी कापायला घ्या. नळाखाली धुवू नका, शिंतोडे ओट्याभर उडतात. पेपर टॉवेलने टिपून घेतली की झालं.

तंगडी आणि धड यांच्यामधली कातडी कापा, तंगडी बाहेरच्या बाजूला उलटी मोडा. खुबा कट्कन सुटतो, त्याच फटीतून सुरी फिरवा. हाडावर सुरी घासत असेल तर जागा चुकली, अर्धा इंच सरका. पंखांचंही असंच. पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी स्वयंपाकघरातल्या जाड कात्रीने कापून काढा. उरली छाती. ती कातडीवर पालथी घालून मधल्या हाडावर जड सुरी ठेवा आणि वरून तळहाताने दाबा, दोन फाका होतील. एकेक फाक साधारण सव्वादोन-अडीच पौंडांची भरते.

गुरुवारी एक फाक आणि एक तंगडी भाजायची. दुसरी जोडी त्याच मंगळवारी घट्ट गुंडाळून परत फ्रीझरमध्ये. फ्रिजमध्ये वितळलेलं कच्चं मांस पुन्हा गोठवायला हरकत नाही, पोत किंचित उतरतो इतकंच. पण घाई झाली म्हणून थंड पाण्यात बुडवून वितळवलीत (पौंडाला अर्धा तास, पाणी दर अर्ध्या तासाने बदलून), तर ही सोय गेली. मग सगळी शिजवूनच गोठवावी लागते.

आडवाट:
एवढी कापाकापी कशाला? दुकानात हाडासकट अर्धी छाती २-३ पौंडांची मिळते, ती आणा. फुकटची टर्की गोठलेलीच राहू द्या, वर्षभर टिकते. किंवा दुकानाच्या मटण काउंटरला विचारा, काही ठिकाणी गोठलेलीच करवतीने उभी चिरून देतात.

खडामसाला:
अर्धी छाती आणली तर कणा-मान मिळत नाही, मग ग्रेव्हीला डब्यातलं सूप. पण वेळ नसेल तर तेही चालेल.

ओव्हनवाले_काका:
भाजण्याचं मी सांगतो. आधी वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक स्वस्त टर्कींमध्ये मिठाचं पाणी टोचलेलं असतं आणि टक्के तिथेच छापलेले असतात. तसं नसेल तर पौंडाला अर्धा चमचा बारीक मीठ. टोचलेली असेल तर त्याच्या निम्मं. चमचा मापाचा, सपाट भरलेला. मंगळवारी रात्री कातडीच्या वर आणि खालीही चोळा आणि जाळीवर उघडीच फ्रिजमध्ये ठेवा. झाकू नका. दोन रात्रींत मीठ आतपर्यंत मुरतं आणि कातडी वरून कोरडी, कागदासारखी होते. तीच पुढे कुरकुरीत होते. ओल्या कातडीची आधी वाफ होते, तिला रंगच येत नाही.

सहाला जेवायचं असेल तर साडेतीनला तंगडी ३२५ वर आत. साडेचारला ओव्हन ४२५ करा, तापला की छातीची फाक लोणी लावून, कातडी वर करून ठेवा. वीस मिनिटांनी परत ३२५. सव्वापाचपासून थर्मामीटर लावून बघा. टोक बाजूने, सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता. हाड लागलं तर आकडा खोटा येतो. १६० ला बाहेर काढली तर मुरताना पाचेक अंश चढतात. शेवटी १६५ दिसलंच पाहिजे, नाहीतर पाच मिनिटं परत आत. पक्ष्यात खोचलेल्या प्लॅस्टिकच्या बटणावर विसंबू नका, ते वर येईपर्यंत छाती सुकलेली असते. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. वर फॉइल घट्ट आवळू नका, कातडी सादळते.

दोनच_पानं:
पाहिलं, "८ टक्क्यांपर्यंत द्रावण" असं लिहिलंय. म्हणजे निम्मं मीठ. आणि दही-मसाला?

तिखटमीठ:
दही लावलंत की कुरकुरीत कातडी विसरा. शिवाय ४२५ ला लाल तिखट आणि लसूण काळे पडतात, कडवट वास सुटतो. दुसरं म्हणजे मीठ आत जातं, मसाला जात नाही. कितीही तास ठेवा, तो वरच्या थरातच राहतो.

त्यापेक्षा मसाला कातडीखाली घाला. एका फाकेला ३ मोठे चमचे मऊ लोणी, १ चमचा धणे-जिरे पूड, अर्धा चमचा मिरपूड, अर्धा चमचा गरम मसाला, किसलेलं आलं, बारीक हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर. लोणी बिनमिठाचं घ्या. बोटांनी कातडी हळूच सुटी करा (कडेला चिकटलेलीच राहू दे, नाहीतर सगळं ट्रेमध्ये ओघळेल) आणि आत पसरा. कातडीवर फक्त साधं लोणी. तंदुरीचा हट्टच असेल तर तो तंगडीवर पुरवा, ती पूर्ण वेळ ३२५ वर ठेवून (मग छातीचा ४२५ चा टप्पा गाळावा लागेल). गडद मांस मसाला पेलतं.

क्रॅनबेरीचा साखरेचा सॉस आवडत नसेल तर लोणचं घाला. १२ औंसाची पिशवी, पाव कप तेल, मोहरी-हिंग-मेथीची फोडणी, २ मोठे चमचे तिखट, १ मोठा चमचा मीठ, थोडा गूळ. बेरी फोडणीत टाकून तीन-चार मिनिटंच परता, साल तडकली की गॅस बंद. जास्त शिजली तर पेक्टिन सुटून जॅमसारखं घट्ट बसतं.

पाटा_वरवंटा:
आता उरलेल्याचं. त्याची सुरुवात बुधवारीच होते. कणा, मान आणि पंख इन्स्टंट पॉटमध्ये ८ कप पाणी, कांदा, तमालपत्र, मिरे घालून जास्त दाबावर एक तास, वाफ आपोआप जिरू द्यायची. मीठ अजिबात नाही. गार झाल्यावर थलथलीत जेलीसारखं झालं तर सूप जमलं. यातलं १ कप गुरुवारच्या ग्रेव्हीला: ट्रेमधली २ मोठे चमचे चरबी, २ मोठे चमचे मैदा, बदामी होईपर्यंत परतून सूप थोडं थोडं घालत हलवायचं. चव बघूनच मीठ, कारण टोचलेल्या टर्कीचा रस मुळातच खारट असतो. ग्रेव्ही बिघडते ती बहुतेक इथेच.

जेवण झालं की दोन तासांच्या आत मांस हाडावरून सोडवून उथळ डब्यात, फ्रिजमध्ये. टर्कीची चरबी हवेने लवकर खवट होते, दुसऱ्या दिवशीचा तो शिळकट वास त्याचाच. म्हणून मांसावर थोडं सूप ओता, हवा लागत नाही. फ्रिजमध्ये ३-४ दिवस, त्यापुढे फ्रीझर.

छाती आणि तंगडीचे डबे वेगळे ठेवा. तंगडीचं मांस पांढऱ्या रश्श्यात घाला. ४ कप सूप, १ कप नारळाचं दाट दूध, २ मोठे चमचे काजू, १ मोठा चमचा खसखस, १ मोठा चमचा तीळ (तिन्ही भिजवून गंधासारखं वाटायचं), तीन-चार हिरव्या मिरच्या, आलं-लसूण. तुपात लवंग, वेलची, दालचिनी, मग वाटण, मग सूप. मांस घालून वाफ येईपर्यंत नीट गरम करा. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आणि नंतर उकळी नको, फुटतं. रस्सा पांढराशुभ्र हवा असेल तर कणा-मान आधी भाजून घेऊ नका. फक्त ग्रेव्हीसाठी सूप करायचं असेल तर खुशाल भाजा, ४२५ ला अर्धा तास, रंग छान येतो.

छातीचं मांस दुसऱ्यांदा शिजवायचंच नाही, फक्त गरम करायचं. पुलावात घालायचं असेल तर भात सूपावर मोकळा करून शेवटी दमाला ठेवताना आत दडपा. नाहीतर पॅटिस: २ कप बारीक तोडलेलं मांस, १ कप उरलेला मॅश बटाटा, अर्धा कप पावाचा चुरा, मिरची, कोथिंबीर, लिंबू. मॅशमध्ये दूध-लोणी असतं, त्यामुळे चुऱ्याशिवाय तव्यावर फुटतात. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून रव्यात घोळवून तळा.

दोनच_पानं:
पोटात एक कागदी पिशवी असते म्हणे, तिचं काय?

पाटा_वरवंटा:
कापताना काढाच, कधीकधी ती मानेच्या बाजूच्या खळग्यात असते. तिच्यातलं हृदय आणि पेटा (जठर) सूपात चालतात, पण यकृत घालू नका, सूप कडवट होतं. ते कांदा, मिरपूड घालून तव्यावर परता, आतला गुलाबीपणा जाईपर्यंत. बुधवारी रात्रीच्या भाकरीबरोबर संपतं.